टाकीवरून माणसं उतरवणारा मेंबर

गहिनीनाथ डोईफोडे आता नगरपालिकेचा सदस्य नाही. हल्ली तो शेळ्या राखतो आणि त्यात पालिकेपेक्षा शिस्त आहे म्हणतो. तरी अख्खं गाव त्याला अजून मेंबरच म्हणतं. गावाचं नाव सांगत नाही. गेवराईच्या अंगाला आहे एवढं पुरे, कारण पालिकेतल्या खुर्च्यांवर अजून तीच माणसं बसलेली आहेत आणि सांगणाऱ्यालाही दाखले काढायला तिथंच जावं लागतं.

तो मेंबर झाला कसा, ही मोठी मौज आहे. बाप मेंढरं घेऊन गोदाकाठानं हिंडणारा. पोरगा गावात स्थिरावला आणि चार शेळ्या, दोन म्हशी पाळून राहिला. त्याच्या वॉर्डात दोन बड्या पुढाऱ्यांची जुंपलेली. ह्याचा माणूस त्याला चालेना, त्याचा ह्याला. शेवटी कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस शोधायचं ठरलं, तर सगळ्या वॉर्डात असा एक गहिनीनाथच निघाला. त्याचं उभ्या जन्मात वैर होतं ते फक्त स्वतःच्या बोकडाशी. अर्ज भरायचा दिवस सरत आला तेव्हा तो शेळीला लस टोचायला निघाला होता. त्याला रस्त्यातच जीपमध्ये घातलं, शेळीसकट. एका हातात दावं धरून दुसऱ्या हातानं त्यानं सही केली. सही कशावर केली ते त्याला घरी गेल्यावर बायकोनं विचारलं तेव्हा कळलं.

पण माणूस कामाचा निघाला. वॉर्डात मयत झाली की लाकडं गोळा करायला सगळ्यांत आधी तो. बाई अडली की गाडी शोधायला तो. गटार तुंबलं की पालिकेचा माणूस येईस्तोवर हाच काठी घेऊन ढोसायला बसे. ठराव, निविदा ह्यातलं मात्र त्याला ओ की ठो कळत नव्हतं. सभेत बोलायला सांगितलं की उभं राहून "बरोबर हाय" म्हणायचा आणि बसायचा. आधीच्या माणसानं त्यालाच शिव्या घातलेल्या असल्या तरी "बरोबर हाय."

आणि कुणी काहीही मागितलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "होईल की." दिवा पाहिजे, होईल की. पोराला नोकरी पाहिजे, होईल की. एका म्हातारीनं मेलेला नवरा स्वप्नात येत नाही म्हणून तक्रार केली, तिलाही तो म्हणाला, होईल की. म्हातारी समाधानानं घरी गेली. खोटं बोलायचा त्याचा इरादा नव्हता. समोरच्याचं पडलेलं तोंड त्याला बघवत नसे, एवढंच.

ह्या दोन शब्दांच्या जोरावरच त्याची खरी समाजसेवा उभी होती. ती अशी, की टाकीवर चढलेली माणसं खाली उतरवावीत ती गहिनीनाथनंच.

आपल्याकडं मागणी करायची म्हटली की माणूस पाण्याच्या टाकीवर चढतो. अर्ज दिला तर तो कुठंतरी दबून पडतो. टाकीवर चढलेला माणूस सगळ्या गावाला दिसतो. ह्याची रीतही ठरलेली आहे. सकाळचा चहा घेऊन चढायचं, वरून ओरडायचं, पेपरवाले येतात, मग मुख्याधिकारी लेखी आश्वासन घेऊन येतात आणि ऊन तापायच्या आत उतरून लिंबू सरबत प्यायचं. अडचण एवढीच, की चढलेल्याला आपण होऊन उतरता येत नाही, त्यात इज्जत जाते. त्याला कुणीतरी उतरवावं लागतं. तेव्हा मुख्याधिकारी साहेब गहिनीनाथला फोन करायचे. तो टाकीखाली येऊन मान वर करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "उतर बाबा. होईल की." आणि माणूस उतरायचा. घरकुलासाठी चढलेले उतरवले, बदलीसाठी चढलेले उतरवले, सासरा बायकोला नांदायला धाडत नाही म्हणून चढलेला जावई उतरवला. एकदा एक जण झिंगून चढला होता. उतरल्यावर मागणी काय होती विचारलं तर म्हणाला, "वर गेलतो तवा ध्यानात व्हती, आता इसरलो." त्यालाही सरबत पाजून घरी पोचवला.

ही सगळी मंडळी चढायची ती गहिनीनाथच्या वॉर्डातल्याच टाकीवर. ती सोयीची होती, कारण तिच्यात पाणी नव्हतं. टाकी बांधली, रंगवली, दोन पुढाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या मुहूर्तांवर तिचं उद्घाटन केलं, पण धरणाकडून येणारी पाइपलाइन वेशीजवळ येऊन जी थांबली ती थांबलीच. टाकीखाली ओळीनं नळ बसवले होते. त्यांच्या तोट्यांना वॉर्डातल्या बाया शेळ्या बांधायच्या.

दोन हजार तेराचा उन्हाळा आला तेव्हा सलग दुसरा पावसाळा कोरडा गेलेला होता. जनावरं चारा छावणीत. गावातले आड आटले, बोअर फुसफुसायला लागले. पालिकेचा टँकर यायचा तो लग्नातल्या रुसलेल्या जावयासारखा, कधी येईल आणि कधी फिरकणार नाही ह्याचा नेम नाही. वॉर्डातल्या बाया नदीपलीकडच्या एका विहिरीला जायच्या. त्यांत गहिनीनाथची बायको बायनाबाईही होती. पहिल्यांदा बाया हसायच्या, "मेंबरीणबाई, तुमी बी?" मग हसायचं त्राण राहिलं नाही.

बायनाबाई फार बोलणारी नव्हती. पण एका दुपारी ती तापलेल्या वाटेनं भरलेला हंडा घेऊन आली आणि उंबऱ्यात ठेच लागून हंडा कलंडला. सगळं पाणी अंगणात. माती ते पिऊन मोकळी झाली. ती रडली नाही की ओरडली नाही, तिथंच खाली बसली. गहिनीनाथ बाजेवर होता. तो धडपडत उठला आणि सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "असू दे गं. होईल की."

बायनाबाईनं त्याच्याकडं बघितलं. "आवं, गावभराची मानसं उतरवली तुमी त्या टाकीवरून," ती म्हणाली. "माज्या डोक्यावरला हंडा तेवडा उतरवता आला न्हाई."

गहिनीनाथनं वाकून कलंडलेला हंडा उभा केला.

"आता ते दोन सबूद मला परत ऐकवू नगा. त्या टाकीच्या नळाला पानी आलेलं मला दिसलं तर ठीक. न्हाई तर मी चालले नांदूरघाटला, भावाकडं. तितं आडाला पानी हाय."

हे ती रागानं बोलली असती तर गहिनीनाथनं मनावर घेतलं नसतं; राग उतरतो. ती उद्याच्या भाजीचं सांगावं तशी बोलली. बायनाबाईशिवाय ह्या घरात आपण आणि बोकड असे दोघंच राहणार, हे त्याला लख्ख दिसलं. आणि तिचं खोटं काय होतं? काहीच नव्हतं. त्याला रात्रभर लाज वाटत राहिली.

सकाळी तो टाकीवर चढला. पेपरवाल्यांना सांगितलं नाही, डोक्याला पटका नाही, बरोबर पाण्याची बाटलीसुद्धा नाही. जन्मभर खालून वर बघितलेलं. वरून खाली बघायची ही पहिलीच खेप. निम्म्यात गेल्यावर त्यानं डोळे मिटले आणि बाकीची शिडी नारायणगडाच्या देवाच्या नावानं चढला. वर पोचून तो घुमटाला पालथा चिकटला आणि तसाच पडून राहिला.

थोड्या वेळानं खिशातला फोन वाजला. मुख्याधिकारी साहेब होते. "मेंबर, तुमच्या वॉर्डात कोणीतरी टाकीवर चढलंय. जरा लवकर जा आणि उतरवा."

"सायब, मीच हाय."

"पोचलात? वा! मग घ्या उतरवून."

"तसं न्हवं सायब. वर मीच हाय."

"मग," साहेब म्हणाले, "आता उतरवायला कोणाला पाठवू?"

शेवटी साहेब स्वतः आले. त्यांनी मान वर करून "उतरा, होईल की" असं म्हणून बघितलं, पण त्यांच्या तोंडी ते शोभेना. जमलेले लोक हसायला लागले. मग त्यांनी लेखी आश्वासन वाचून दाखवलं, "उचित कार्यवाही करण्यात येईल." कागदातलं हे वाक्य कायम ठेवा, असं गहिनीनाथनंच त्यांना पूर्वी सुचवलं होतं. टाकीवरच्या माणसाला त्याचा अर्थ लागत नाही आणि म्हणून ते पटतं, असा त्याचा अनुभव होता. पण आता स्वतःच वर असताना ते ऐकून त्याला पहिल्यांदा वाटलं, अरे, ह्यात तर काहीच नाही!

तरीही खरं सांगायचं तर तो उतरणार होता. ऊन चढलं होतं, घुमट तव्यासारखा तापला होता आणि त्याला धड बसता येत नव्हतं. त्यानं शिडीकडं पाय सरकवलाही. तेवढ्यात खालून बायनाबाई आली. विहिरीला निघालेली, काखेत रिकामा हंडा. तिनं वर बघितलं, साहेबांच्या हातातल्या कागदाकडं बघितलं. मग टाकीच्या पहिल्या नळाखालची शेळी सोडली, तिथं हंडा ठेवला आणि शेजारी बसली.

"बाई, तिथं पाणी नाही येत," साहेब म्हणाले.

"ठावं हाय. मी नंबर लावलाय."

गहिनीनाथनं पाय मागं घेतला.

आता नंबर लावणं म्हणजे काय, हे दुष्काळ न बघितलेल्याला कळायचं नाही. आमच्याकडं रांगेत हंडा ठेवला की माणूस उभा राहिल्यासारखंच असतं. बाई घरी जाऊन भाकरी थापते, लेकरू न्हाऊ घालते, हंडा तिच्या जागेवर उभा असतो. त्याला हात लावणाऱ्याची धडगत नसते. आणि रांग दिसली की रांग कशाची हे विचारण्यात वेळ घालवायचा नाही, आधी आपली घागर टेकवायची, हा इथला धर्म.

शेजारची चतुराबाई, जिची जीभ तलवाड्यापर्यंत ऐकू जाई, ती आली आणि बायनाबाईच्या मागं दोन घागरी ठेवून गेली. तिच्या मागं आणखी कुणाची कळशी. मग पिवळे ड्रम, निळे कॅन, तेलाचे डबे. वरच्या आळीला वाटलं, मेंबरनं पाणी आणलं म्हणूनच तो वर चढून बघतोय. दुसऱ्या वॉर्डातल्या बाया धावत आल्या. "आमच्यात कावून न्हाई?" म्हणून तिसऱ्या वॉर्डातले आले. ज्या नळाला जन्मात थेंब आला नव्हता त्याच्यासमोर "माझी घागर आधी होती" म्हणून दोन बायांत जुंपली. साहेबांचा शिपाई सुरुवातीला लोकांना मागं सारत होता. थोड्या वेळानं बघितलं तर त्याचीही बादली रांगेत.

गहिनीनाथ वरून बघत होता. रांग बाजारतळ ओलांडून स्टँडकडं वळली तसा त्याला घाम फुटला. आता पाणी नाही आलं तर नुसती बायनाबाई नाही, सगळं गावच नांदूरघाटला जाईल असं त्याला वाटायला लागलं.

साहेबांची त्याहून वाईट गत. मोर्चा असता तर पोलीस बोलावले असते. काठी उगारली की माणसं पळतात. घागरी पळत नाहीत. "मेंबर, तुम्ही हे काय करून ठेवलंत?" ते ओरडले.

"मी कुटं काय केलं सायब? मी तर नुसता वर पडलोय!"

पण वर पडल्याचा एक फायदा झाला. भीती थोडी मोडल्यावर त्यानं मान फिरवली, तेव्हा दूध संस्थेचं आवार त्याला वरून उघडंच दिसलं. सहकारी दूध उत्पादक संस्था, चेअरमन धर्मराज. लिंबाच्या सावलीत संस्थेचे दुधाचे टँकर निवांत उभे. जनावरं छावणीत, दूध आटलेलं, टँकरांना काम काय? गहिनीनाथ ताडकन बसता झाला आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं चारचौघांत "बरोबर हाय" सोडून स्वतःचं काही सुचवलं.

"सायब! दुधाचे टँकर मोकळे हायत! धरनावर भरून आना की!"

खाली एकदम गलका झाला. धर्मराज तिथंच होते. मोठे बागायतदार, दोन्ही पुढाऱ्यांच्या पंगतीला बसणारे, पण त्यांचाही बोअर आटला होता आणि त्यांच्या पत्नीनं, सुभद्राबाईनं, गुपचूप तीन घागरी रांगेत लावल्या होत्या. त्या राखायला ते आले होते.

"जमणार न्हाई," धर्मराज म्हणाले. "संस्थेच्या पोटनियमात टँकर फकस्त दुधासाठी हाय. त्यात पानी घालता येत न्हाई."

"आता गं बया!" चतुराबाई कडाडली. "तुमच्या संस्थेच्या दुधात पानी चालतंय आन् टँकरात चालत न्हाई व्हय?"

हशा एवढा झाला की गहिनीनाथला वर घुमट धरून बसावं लागलं. धर्मराज तांबडेलाल झाले. "नियम बदलायचा तर सर्वसाधारन सभा लागंल," ते म्हणाले. "नोटीस काढावी लागंल. गणसंख्या लागंल."

"मग ही काय हाय?" चतुराबाईनं रांगेकडं हात केला. "घरटी सभासद हाय. जे आलेत ते उभे हायत, जे न्हाई आले त्यांचे हंडे हायत."

"हंडा म्हंजे सभासद न्हवं!"

आतापर्यंत पदर तोंडाला लावून उभी असलेली सुभद्राबाई पुढं आली. "कावून न्हवं?" तिनं नवऱ्याला विचारलं. "रांगेत हंडा म्हंजे मानूस, आन् सभेत न्हवं? मग माज्या घागरी उचलून घरी नेऊ का?"

चेअरमन झाला तरी माणूस संसारी. धर्मराजनं इकडं तिकडं बघितलं, घसा खाकरला आणि सभेला सुरुवात झाल्याचं जाहीर केलं. सहकाराच्या इतिहासात अशी सभा झाली नसेल. अध्यक्ष पालथ्या ड्रमवर, सभासद उन्हात आणि निम्मे सभासद पितळेचे. चतुराबाईनं ठराव मांडला. अनुमोदन कोण देतं विचारल्यावर वरून आवाज आला, "बरोबर हाय!" गहिनीनाथनं दोन्ही हात वर केले होते. सगळ्यांनी ओरडून ते त्याला खाली घ्यायला लावले. साहेबांनी तिथंच गाडीच्या बोनेटवर धरणाच्या पाण्याची मंजुरी लिहून दिली; एवढी झटपट सही त्यांनी पगारपत्रकावरही केली नसेल.

टँकर गेले. ऊन भाजत होतं, पण रांगेतून एक घागर हलली नाही. पालिकेचा वायरमन सटवा टाकीखालच्या मोटरीशी झटत होता. ती बसवल्यापासून कधी चालूच झाली नव्हती. तिच्यात उंदरांचं तीन पिढ्यांचं बिऱ्हाड निघालं. त्यानं मग दोरीला बांधून गहिनीनाथला ताकाचा तांब्या वर पाठवला. निम्मं ताक वाटेतच भिंतीनं पिलं.

दुपार तिरपी झाली तेव्हा टँकर आले, टाकीखालच्या हौदात रिकामे झाले, आणि मोटर खोकली, थांबली, सटव्यानं तिला एक सणसणीत शिवी दिली तशी सुरू झाली. गहिनीनाथ घुमटाला कान लावून पडला. आधी काहीच नाही. मग त्याच्या पोटाखाली, खोल आत, पाणी पडल्याचा आवाज आला. तो रडायला लागला. वर कुणी बघणारं नव्हतं म्हणून मनसोक्त रडला.

खाली बायनाबाईनं तोटी फिरवली. पहिल्यांदा वारा आला, मग गांधीलमाशीचं वाळलेलं घर, मग एक पाल, जी कुणाकडंही न बघता निघून गेली. मग गंजाचं लाल पाणी. आणि मग जे आलं ते पांढरट होतं, त्याला दुधाचा वास होता.

"घ्या!" चतुराबाई म्हणाली. "इतकी सालं दुधात पानी पिलं, आता पान्यात दूद प्या!"

बायनाबाईनं ओंजळ धरली, प्याली, चेहरा धुतला. तिचा हंडा भरला. तिनं तो नळाखालून ओढून टाकीच्या पायाशी सावलीत नेला, म्हणजे मागच्या बाईला जागा होईल. घर हाकेवर होतं, पाणी घरात जाणार होतं, आणि विहिरीची दुपारची खेप आज नव्हती. ती क्षणभर तशीच उभी राहिली. ह्या एवढ्या वेळाचं करायचं काय, हे तिला समजेना. दोन उन्हाळे तिला ह्या वेळी फक्त चालणं ठाऊक होतं. मग ती भरल्या हंड्याला टेकून शिडीच्या तळाशी बसली आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली. भर दिवसा, चारचौघांत, तोंड उघडं टाकून.

साहेब हार घेऊन आले होते. "मेंबर, उतरा आता! सत्कार आहे!"

गहिनीनाथ सकाळपासून ह्याच घटकेची वाट बघत होता. त्याच्या पाठीची कातडी सोललेली, तोंडाला कोरड, आणि उतरायला आता कुणी उतरवण्याचीही गरज नव्हती. त्यानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. शिडी लोखंडी, खिळखिळी. ती वरपासून खालपर्यंत खणखणली. बायनाबाई झोपेत चाळवली.

त्यानं पाय अलगद वर घेतला. ओठांवर बोट ठेवून त्यानं साहेबांना, चतुराबाईला, सगळ्या रांगेला गप्प केलं. मग तो तापलेल्या घुमटावर मांडी घालून बसला, बायको उठेपर्यंत.